हात पोचेल तेवढं अंगण

दिवाळीला नात पुण्याहून आली तेव्हा तिच्या मनगटावर काळं घड्याळ होतं. ते पावलं मोजतं म्हणाली. रोज दहा हजार. चौऱ्याहत्तर दिवस तिनं एकही दिवस चुकवला नव्हता. पंच्याहत्तरावा दिवस गाडीत बसून आमच्या गावी, असोद्याला येण्यात गेला, आणि घड्याळानं आकडा पुन्हा शून्यावर आणला. पोरगी माझ्या ओट्यावर बसून रडली. "तुटलं गं आजी सगळं," म्हणाली. "आता एक तारखेपासून नव्यानं."

मी तिला समजावलं नाही. मला समजावता येत नाही. पण समोरच्या बंद दाराकडे बघताना लीलाक्काची शिवी आठवली. अशा वेळी ती एक ठरलेली शिवी द्यायची. ती लिहिण्यासारखी नाही. बाकीचं लिहिते.

लीलाक्का आमच्या समोर राहायची. गावच्या प्राथमिक शाळेत शिपाई होती. चार खोल्या आणि पुढचं मैदान तिनं तीस वर्षं झाडलं. माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन आमच्या गावी आली, पन्नास वर्षं राहिली, पण बोली सोडली नाही. आम्ही 'आहे' म्हणायचो, ती मरेपर्यंत 'शे' म्हणाली. बुटकी, वाळकी बाई. खराटा धरून धरून उजवा खांदा खाली उतरलेला. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट घालायची. नवरा लवकर गेला. मुलगा सुरतला कापडाच्या गिरणीत. तो चल म्हणायचा, तर हिचं एकच उत्तर, "तठे आंगन नही."

नोकरी संपली तरी झाडणं संपलं नाही. सकाळी स्वतःचं अंगण, मग गल्ली, मग आमचं. कोणी सांगितलेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती काही फार छान झाडत नव्हती. कोपरे राहायचे, ओट्याखालचा कचरा तसाच. मला ते खुपायचं. मी म्हणायची, "अक्का, कोपरा राहिला."

"ऱ्हाऊ दे. कोपरा काय पयी जास का? उद्या शे ना मी."

कोपरा पळून जात नाही, हे बरोबर होतं. पण मला राग यायचा. माझं काम असं नाही. मी भांडं घासलं तर त्यात तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर मी ते घासतच नाही, तसंच पडू देते. माझ्या मोरीत दोन्ही प्रकारची भांडी असायची.

अकरा वर्षांपूर्वी आम्हा दोघींना एकाच दिवशी साखर निघाली. जळगावला डॉक्टरांकडे बरोबरच गेलो होतो. त्यांनी दोघींना सारखाच कागद दिला. रोज एक तास चालायचं. गोड बंद, केळी बंद. रात्री झोपताना तळपाय बघायचे. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "साखरेनं पाय बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. म्हणून डोळ्यांनी बघायचं." केळी बंद म्हटल्यावर अक्का हसली. "साहेब, आमना गावमा काय खिडक्या बंद करीसन बसू?" म्हणाली. आमच्या गावाला चारी बाजूंनी केळीच्या बागा आहेत.

बसमध्ये मी म्हणाले, "गुरुवारपासून सुरू करू. दिवस चांगला आहे."

फाट्यावर उतरलो. मी घराकडे वळले आणि ती औषधाची पिशवी हातात घेऊन तशीच सरळ गेली. बागेपाशी विहिरीवर पंपाची खोली आहे, तिथपर्यंत जाऊन आली. घरी येऊन म्हणाली, "एक दिवस व्हयना." म्हणजे, एक दिवस झाला.

मी गुरुवारी सुरू केलं. डॉक्टरांचा कागद देवाजवळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पूर्ण एक तास चालले. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पाहुणे आले. झालं, मोडलं. मी आयुष्यात सोळा सोमवार तीनदा धरले. दोनदा मध्येच मोडले, आणि मोडले की पहिल्या सोमवारपासून. व्रताचा नियम तोच आहे, आणि घरात आम्हाला दुसरा नियम कोणी शिकवला नव्हता. तेव्हा मी पुढच्या गुरुवारची वाट बघितली. त्या गुरुवारी अमावास्या आली. मग म्हटलं पाडव्यापासून. पाडव्याला घरात सुतक. मग आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून. अशी दीड वर्षं गेली आणि माझ्या पोटात इन्सुलिनच्या सुया टोचायची वेळ आली.

अक्काच्या चालण्याची तीन टोकं होती. बरं असलं तर पंपापर्यंत. कंटाळा आला, ऊन चढलं, पाय दुखले तर अलीकडच्या बाभळीपर्यंत. आणि ताप असला तर घरातून उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्याला हात लावायची, मागे वळायची आणि खाटेवर पडायची. एकदा हे मी बघितलं. हिवतापानं थरथरत होती, भिंत धरून उंबऱ्यापर्यंत आली, शिवली, गेली.

मी म्हणाले, "हे काय चालणं झालं का गं? चार पावलं?"

"व्हयनं," म्हणाली. "सुमन, हाई व्रत नही शे. हाई झाडनं शे. काल झाडं नही म्हनीसन आज झाडत नही का कोन्ही?"

त्यावर मी तिला सांगितलं की तुझ्या झाडण्यात कोपरे राहतात. तिनं ती शिवी दिली.

आखाजीला आमच्याकडे आमरस असतो, सांजोऱ्या असतात. लेकी माहेरी येतात. अक्काला लेक नव्हती, म्हणून ती दरवर्षी आमच्याकडेच जेवायची. साखर निघाली त्या वर्षी मला वाटलं ती रसाला हात लावणार नाही. तिनं दोन वाट्या खाल्ल्या. वरून सांजोरी. माझी भाची धुळ्याहून आलेली, ती म्हणाली, "मावशी, आज तर तुमचं सगळं मोडलं!"

"काय मोडनं? वाटी का?" अक्का म्हणाली आणि खरोखर वाटी उलटी करून बघितली. सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात आले तर ही पंपाकडून परत येत होती. तोंडावर कालच्या रसाचा पश्चात्ताप वगैरे काही नाही. नऊ-दहा वर्षं ती अशी चालली. मध्ये पुष्कळ दिवस बुडाले. तिनं ते कधी मोजले नाहीत. जळगावचे डॉक्टर तिचा तपासणीचा कागद बघून मान डोलवायचे आणि माझा बघून माझ्याकडे बघायचे.

मग आमच्या घरात अर्धांग आलं. माघातली गोष्ट. आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. सगळे त्यांना आबा म्हणतात. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. दवाखान्यातल्या मॅडमनी व्यायाम सांगितला. रबरी चेंडू दाबायचा, बोटं उघडायची, सकाळी तीस वेळा, संध्याकाळी तीस वेळा. "थोडं थोडं का होईना, रोज करा," म्हणाल्या.

आबांनी दोन्ही वेळेला चाळीस-चाळीस वेळा केलं. सोळा दिवस. सतराव्या दिवशी भाचीचं लग्न, धुळ्याला जावं लागलं. तिथं दोन दिवस चेंडू पिशवीतच राहिला. परत आल्यावर म्हणाले, "खंड पडला. आता पाडव्यापासून नव्यानं धरू." आणि मी हो म्हणाले. दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं. मी म्हणाले, हो, पाडवा बरा.

अक्काला हे कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं अंगण झाडून झाल्यावर खराटा भिंतीला टेकवून ती आत आली आणि आबांच्या खाटेवर बसली.

"आबा, एक बोट उघाडा."

"पाडव्यापासून."

"पाडव्याले दुसरं उघाडा. आज एक."

"अक्का, करायचं तर चाळीस. एका बोटाचं काय लोणचं घालू? नट अर्धा आवळून आम्ही कधी गाडी सोडली नाही."

"तुमनी गाडी डेपोमाच उभी शे, आबा."

आबा भडकले. त्यांना तोंड वाकडं असल्यामुळे नीट ओरडता येत नव्हतं, त्याचा आणखी राग. डाव्या हातानं चेंडू फेकला. तो तिच्या शर्टाला लागला. तिनं तो उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि गेली. मला वाटलं आता येणार नाही. दुसऱ्या दिवशी आली. "एक बोट." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं स्वतः त्यांचा अंगठा धरला, उघडला, मिटला. "व्हयनं," म्हणाली आणि उठली. असं रोज. कधी अंगठा एकदा, कधी पाच वेळा. एखादा दिवस ती यायचीच नाही, विसरायची, आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी यायची. पाडवा आला. आबांनी चाळीसचे चार दिवस केले, ताप आला, बंद. अक्काचा अंगठा चालूच होता.

मला ते पोरखेळ वाटायचं. मला मोठं काहीतरी हवं होतं. वर्ष होत आलं तरी मूठ उघडेना, तेव्हा मी नवस बोलले. आमच्या गावापासून दोन कोसांवर टेकडीवर देवीचं ठाणं आहे. चैत्रात तिथं अनवाणी जायचं आणि अनवाणी यायचं, हात सुटू दे.

अक्का म्हणाली, "तुले साखर शे. अनवानी नको जाऊ."

मी म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मंग मी येस संगे. मना काही नवस नही. मी चप्पल घालीसन येसू. तू पडनी तं उचलाले कोन्ही पाहिजे."

पहाटे निघायचं होतं. आबांचं आवरण्यात नऊ वाजले. जाताना ठीक गेलं. देवीपुढे ओटी भरली, बसलो, आणि परत निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आमच्याकडचं चैत्रातलं ऊन ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. डांबर मऊ झालेलं. एका कोसावर माझे तळवे पोळले, फोड आले. रस्त्याकडेला एक वाळकी बाभूळ होती, तिच्या फुटभर सावलीत मी बसले आणि मला उठवेना. मी रडले. देवीसाठी नाही, पायांसाठी.

अक्कानं चपला काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "घाल."

"नवस मोडेल."

"मोडू दे. देवीले तुना पाय खावाना शेतस का?"

"आणि तू?"

"माले काही लागत नही," म्हणाली.

तिला काही लागत नव्हतं, कारण तिचे पाय बधिर झाले होते. तेच तर डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्यासमोर सांगितलं होतं. त्या वेळी मला ते आठवलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मला आठवलं. मी चपला घातल्या.

अर्धा तास आम्ही चाललो. ती पुढे, मी मागे. तिचे तळवे मला दिसत होते. मग केळीवाल्याची एक गाडी आली, त्यानं गावापर्यंत सोडलं.

रोज रात्री ती पावडरीच्या डबीएवढा एक आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळपाय बघायची. तेही अधूनमधून चुकायचं. त्या रात्री ती दमून तशीच झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पंपापर्यंत गेली. परत आली आणि चपला खाली काढून आमच्या ओट्यावर चढली तेव्हा फरशीवर तिच्या डाव्या पावलाचा ओला ठसा उमटला. मला वाटलं, पंपाचं पाणी असेल. मी फडक्यानं पुसला.

ते फोडाचं पाणी होतं.

पुढचं लांबवत नाही. वैशाखात जखम चिघळली. ज्येष्ठात दोन बोटं काढली. आषाढात गुडघ्याखालून पाय काढला. ती रोज पट्टीला बसनं जळगावला जायची, सांगितलेलं सगळं करायची, तरी झालं. मुलगा सुरतहून आला. मला म्हणाला, "मावशी, माझी आई इतकी सांभाळून राहायची, मग असं कसं?" मी चहा ठेवायला आत गेले.

दवाखान्यात मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. ती खाटेवर उताणी पडून दोन्ही हात वर करत होती, खाली आणत होती. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आजी, पाय गेला अन् हातांचा व्यायाम?"

"हात शेत ना," अक्का म्हणाली. मग मला, "आज चार व्हयनात."

मी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं. बसून विचारलं असतं तर विचारवलं नसतं. "अक्का, माझ्यामुळे झालं ना हे?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. लोक म्हणतात तसं, तुझं काय चुकलं, नशिबात होतं. मी त्याचीच वाट बघत होते.

"तुनामुयेच," म्हणाली. "आनि मनामुये बी. दुसरे दिन पंपावर गऊ ना मी, पाय न देखता. मंग? आते काय करशी? रोज येशी का भाजी लिसन?"

मी म्हणाले, रोज येईन.

"रोज म्हनू नको. तुले रोज जमत नही. जवय जमी तवय ये."

ती घरी आली. मुलगा न्यायला तयार होता, ती गेली नाही. मी भाजी घेऊन जायची. तिनं सांगितलं तसंच झालं. आठ दिवस गेले, मग दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी मला जायला तोंड नव्हतं. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, आता पुढच्या सोमवारपासून नीट जाऊ. वाटी हातात घेऊन दाराआड उभी राहिले. शेवटी गेले. तिनं वाटीचं झाकण उघडून बघितलं. "मीठ कमी शे," म्हणाली. दोन दिवसांचं काही विचारलं नाही.

आबांकडे आता ती येऊ शकत नव्हती. मीच त्यांना काठी देऊन तिच्या ओट्यावर नेऊन बसवायची. ती त्यांचा अंगठा धरायची. एकदा आबा तिच्या दुमडून पिन लावलेल्या लुगड्याकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग तिनं हात लावायच्या आधी त्यांनी आपणहून अंगठा हलवला. एकदा. खाली मान घालून म्हणाले, "झालं."

"व्हयनं," ती म्हणाली.

मूठ काही उघडली नाही. चार बोटं आजही मिटलेली आहेत. अंगठा तेवढा सुटला. त्या फटीत कपाचा कान बसतो, आणि आबा डाव्या हाताचा आधार देऊन चहा पितात. गावातल्या बायका म्हणतात, तुझा नवस फळला. मी त्यांना सांगते, नवस अर्ध्या रस्त्यात मोडला होता. तो अंगठा लीलाक्काचा आहे.

मार्गशीर्षात ती गेली. रात्री झोपेत. सकाळी खराट्याचा आवाज आला नाही, म्हणून मी दार ढकललं. ते मी लिहिणार नाही. त्याच्या आदल्या सकाळचं लिहिते.

थंडी होती. मी मेथीची भाजी घेऊन गेले. अक्कानं लाकडी पाट अंगणात आणला होता. कसा आणला, कोणास ठाऊक, बुडानं सरकत आणला असणार. त्यावर बसून ती झाडत होती. अंगावर तोच पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल. कंबरेतून वाकायची, खराटा लांबवायची, ओढायची. जिथपर्यंत हात पोचत होता तिथपर्यंत जमीन स्वच्छ झाली होती, पाटाभोवती अर्ध्या भाकरीसारखी. त्याच्या पलीकडे सगळा कचरा तसाच.

मी म्हणाले, "सोड, मी झाडते."

"तू कोपरा कोपरा झाडशी, दुपार करशी. ऱ्हाऊ दे."

"अगं, पण अर्धंच झालं."

"आज इतलंच. उद्या पाट तिकडे सरकाडसू."

भाजी आत ठेवून मी निघाले. आबांची गोळी द्यायची होती. गल्ली ओलांडून माझ्या ओट्यावर चढताना मागे बघितलं. स्वच्छ जमिनीच्या कडेला, हातभर पुढं, बदामाचं एक मोठं लाल पान पडलं होतं. अक्का त्याच्यासाठी वाकली. खराट्याचं टोक पोचेना. पाटावर पुढं सरकून तिनं पुन्हा हात लांब केला. तरी पोचेना.

मग तिनं ते पान सोडून दिलं, आणि खराटा आपटून त्यातली माती झटकली.